पहाटेचं पाणी, बाहेरची कडी

पुण्यातल्या सहकारनगरहून एका भगिनींचं पत्र आलंय. सहा पानी, वहीच्या कागदावर, पाठपोट लिहिलेलं. सगळं छापायला जागा नाही, आणि काही भाग छापू नये असाही आहे. गाभा तेवढा देते.

“मी ४९ वर्षांची, बँकेत नोकरीला आहे. मुलगा बंगळूरला, यजमानांची फिरतीची नोकरी. फेब्रुवारीपासून आई माझ्याकडे आहे. ती ७५ वर्षांची. हल्ली तिला विसरायला होतं. दूध गॅसवर ठेवते आणि विसरून जाते, म्हणून मी सिलिंडरच बंद करून ठेवते. दहा ते सहा एक मावशी येतात. सकाळी दूध-भाजीला खाली जाताना मी बाहेरून कडी घालून जाते, त्यामुळे ती वीस-पंचवीस मिनिटं निर्धास्त असतात. संध्याकाळ मात्र कठीण. दिवेलागणीला आई उठून उभी राहते, ‘पाणी आलं, चला, निघा’ म्हणते. पानशेतच्या पुराच्या वेळी ती ११ वर्षांची होती, नारायण पेठेत. ती गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे. आजीनं निघताना दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पाणी ओसरल्यावर परत आले तर कुलूप जागच्या जागी, दारही उभं, आणि शेजारची भिंतच नाही. आई अजूनही मधूनच कमरेला हात लावून किल्ली चाचपते.

“गेले दोन महिने मला एकच स्वप्न पडतंय. आठवड्यातून दोनदा, तीनदा. तो वाडा, जो मी कधी पाहिलेलाही नाही. बोळातून गढूळ पाणी येतंय, आवाज अजिबात नाही. आई माजघरात पोळ्या लाटत बसलीय. मी बाहेर उभी आहे आणि दाराची कडी मी लावतेय. मीच! आतून आई शांतपणे म्हणते, ‘अगं, दूध बघ.’ एवढ्यावर जाग येते. घड्याळात साडेचार, पावणेपाच. छाती धडधडत असते.

“नणंदबाई म्हणाल्या, पहाटेचं स्वप्न खरं होतं, घरातल्या माणसाला पाण्यापासून भय आहे. त्यांच्या ओळखीच्या गुरुजींनी शांत करायला सांगितली. ऑफिसमधल्या मुलीनं मोबाइलवर शोधलं: पाणी म्हणजे पैसा, बंद दार म्हणजे हुकलेली संधी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तरी धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की माझ्या पोटात खड्डा पडतो. आणि त्याहून वाईट वाटतं ते वेगळंच. मला आई नकोशी झालीय का? स्वप्न तसं सांगतंय का?”

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. स्वप्न तसं सांगत नाहीये. आणि आईला पाण्यापासून भय आहे असंही ते सांगत नाहीये. पण ते अगदीच निरर्थक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, आणि ते वाक्य स्वप्नाबद्दलचं नाही. त्याच्याकडे येतेच.

आधी पहाटेचं बघू. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोन संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या पापण्यांखाली डोळे जलद हलतात अशा वेळा टिपल्या. त्या वेळी उठवलं की माणसं बहुतेकदा स्वप्न सांगत. पुढे कळलं की झोप साधारण नव्वद-नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरीत हा स्वप्नांचा टप्पा येतो. रात्रीच्या सुरुवातीला तो काही मिनिटांचाच असतो, पहाटेकडे चांगला लांबतो. म्हणजे लांबलचक, रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती पहाटेच. आणि ज्या स्वप्नातून थेट जाग येते तेच लक्षात राहतं. अकरा-बाराला पडलेलं पुसलं जातं. तेव्हा आपल्याला आठवणारी बहुतेक स्वप्नं पहाटेचीच असणार. त्यातलं एखादं खरं झालं की ते घराण्यात पन्नास वर्षं सांगितलं जातं. जी खरी झाली नाहीत त्यांची वही कोणी ठेवत नाही. जुलै-ऑगस्टात खडकवासल्याचा विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, की पुण्यात किती जणांना पाण्याची स्वप्नं पडत असतील याचा विचार करा. नदीकाठचे तर जागेच असतात.

नणंदबाईंशी वाद घालू नका. त्या काळजीनंच बोलल्या. फार झालं तर त्यांना एवढंच सांगा की, स्वप्नात एखाद्याचं मरण दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं असंही आपल्याच आज्या सांगत आल्यात. ते म्हणणं यांच्या म्हणण्याइतकंच जुनं आहे. त्यांना पटेल की नाही माहीत नाही, चहा संपेपर्यंत तरी शांतता राहील.

मोबाइलवरचा अर्थ मला जास्त खटकला. पाणी म्हणजे पैसा! अहो, दुष्काळी माण-खटावकडच्या माणसाच्या स्वप्नात गढूळ पाण्याचा लोंढा आला तर तो उठून पेढे वाटेल. तेच पाणी १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेत, शनिवार पेठेत ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी काय होतं? आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि मातीचे वाडे बसले. तुमचं सहकारनगर तरी काय आहे? त्या पुरात घरं गेलेल्यांच्या सोसायट्या जिथे उभ्या राहिल्या, त्या भागांपैकीच ते एक. आणि त्याच भागात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं भिंती पाडल्या, माणसं नेली. एकच पाणी या सगळ्यांना एकच अर्थ सांगेल, हे म्हणजे सगळ्यांच्या पायात एकाच मापाची चप्पल घालण्यासारखं आहे.

त्यापेक्षा आपला चरक बघा. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की यातले पहिले पाच प्रकार वैद्यानं निष्फळ समजावेत. त्यांच्यावरून भाकीत करायचं नाही. मला याची गंमत वाटते. स्वप्नावरून भविष्य सांगणाऱ्यांना आपली परंपरा हवी असते, पण परंपरेतली ही ओळ त्यांना नको असते. चरक भाविक स्वप्न मानतो, हे खरं. मी मानत नाही. पण तुमच्या बाबतीत आमचं भांडण होण्याची वेळच येणार नाही, कारण तुमचं स्वप्न त्याच्या पहिल्या तीन प्रकारांत पूर्ण मावतं.

वाडा श्रुत आहे, तुम्ही तो कधी पाहिलाच नाही. म्हणून तर त्या पाण्याला आवाज नाही. आईनं गोष्टीत आवाज सांगितला नसेल, बघा आठवून. पाणीही श्रुत, आणि ते जुनं नाही, रोज ताजं होतंय. दिवेलागणीला आई “पाणी आलं” म्हणते आणि त्यानंतर नऊ-दहा तासांत तुम्ही झोपेत ते पाहता. दूध दृष्ट आहे, त्यावर तर तुमचा दिवसभर पहारा असतो. आणि कडी? कडी अनुभूत आहे. स्वप्नात जी कडी तुम्ही लावता ती सकाळी सातला तुम्ही खरोखरच लावता.

हेच ते वाक्य. “बाहेरून कडी घालून जाते, त्यामुळे ती वीस-पंचवीस मिनिटं निर्धास्त असतात.” ताई, ती मिनिटं निर्धास्त असती तर हे पत्र आलं नसतं. तुमच्या डोक्याला दिवसा जे मान्य आहे ते रात्री मान्य होत नाहीये, आणि रात्रीचं डोकं बरोबर आहे. विसर पडणारं माणूस बाहेरून बंद केलेल्या घरात एकटं असणं धोक्याचं असतं. सिलिंडर बंद आहे, ठीक. पण शॉर्टसर्किट होऊ शकतं, देवापुढचं निरांजन असतं, ओल्या फरशीवर पाय घसरतो. शेजाऱ्यांना आवाज आला आणि कडी काढून ते आत आले तर उत्तम. त्यावर कोणी कुलूप लावलं असेल तर मग संपलंच. शिवाय दार उघडत नाही म्हटल्यावर अशी माणसं घाबरी होतात, दार वाजवत राहतात, आणि का वाजवतोय हेही त्यांना सांगता येत नाही. तुमच्या आईच्या मनात त्या वेळी बाहेर काय असेल, ते तुम्हीच लिहिलंय.

मी तुम्हाला दोष देत नाहीये. माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं अशाच होत्या. मी सुरुवातीला दोन महिने हेच केलं, आणि मी तर मानसशास्त्र शिकवत होते. एकदा लिफ्ट बंद पडली आणि वीस मिनिटांची पन्नास झाली. परत आले तर त्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या. काही बोलल्या नाहीत. माझं नाव तेवढं बरोबर घेतलं, जे त्या एरवी चुकायच्या. त्यानंतर मी कडी लावली नाही. स्वप्नं मला पडली नाहीत, पण पाय लिफ्टशी अडखळायचे.

तर आता करायचं काय. दूध दारात येऊ द्या, पुण्यात ही सोय अजून आहे. भाजी संध्याकाळी मावशी निघण्याआधी आणा. तरीही जावंच लागलं तर समोरच्या फ्लॅटमध्ये सांगून जा, त्यांच्याकडे एक किल्ली कायमची ठेवा. दाराला उघडताना वाजेल अशी साधी बेल किंवा घुंगरांची माळ बांधा. तुम्ही घरात असताना आई बाहेर पडू नये म्हणून आतून एक कडी लावायची असेल तर ती वरती, सहज नजर जाणार नाही अशा उंचीवर लावा. सोसायटीच्या वॉचमनला आईचा फोटो दाखवून ठेवा. आणि तिच्या ब्लाउजच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी शिवून तिच्यावर तुमचा मोबाइल नंबर लिहा. हे करताना कसंतरी होतं, मला माहीत आहे. सुई हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.

आईला डॉक्टरांना दाखवलंय का, हे सहा पानांत कुठेही नाही. वय झालं, विसरणारच, असं म्हणून सोडू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर इलाज आहे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं तर नेहमीचंच. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, कोणाकडेही आधी जा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथेही विचारता येतं.

संध्याकाळचं वेगळं सांगते. अशा आजारात दिवस कलताना गोंधळ वाढतो, हे बऱ्याच घरांत दिसतं. उजेड उतरायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा. खिडकीत काळोख दिसायला लागला की पडदे ओढा. आणि “आई, ते १९६१ होतं, आता काही नाही” असं समजावत बसू नका. तिच्यासाठी ते आत्ता आहे, आणि तुम्ही पाणी नाकारलंत की ती एकटी पडते. तिचा हात धरा आणि म्हणा, “आपण वर आलोय, सगळे आलेत.” तिसरा मजला आहे, खोटंही नाही. मग विचारा, कोण कोण आलं, काय काय उचलून आणलं. बोलू दे तिला. आणि कमरेला चाचपते ना, तर तिला एक किल्ली द्या. जुन्या कपाटाची, हरवलेल्या कुलपाची, कुठलीही. घट्ट नाडीनं बांधून द्या. सासूबाईंचं असंच एक रिकामं पाकीट होतं. त्यात त्यांचा पगार असायचा.

आता तुमच्या मनातला तो प्रश्न. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात निघालं, वर छापलं १९००. त्याचं म्हणणं असं की जिवलगाचं मरण स्वप्नात दिसलं आणि त्यात दुःखही झालं, तर मागे कधीतरी, बहुधा बालपणी, तशी इच्छा मनात येऊन गेलेली असते. मी हे वर्गात बरीच वर्षं शिकवलं. शिकवताना मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीचा चेहरा उतरलेला दिसायचा. त्याचं हे मत मला पटलेलं नाही. तुमच्यासारख्या दिवसभर पहारा देणाऱ्या बाईच्या स्वप्नात तर मला इच्छेपेक्षा भीती दिसते. रोज एक धोका पत्करावा लागतोय याची, आणि तो आपल्याच हातून घडेल याची.

पण तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. आई कधीकधी नकोशी होत असेलही. रात्री तीनदा उठावं लागल्यावर, चौथ्यांदा तोच प्रश्न आल्यावर, “हिला आता…” एवढं मनात येऊन जातं आणि पुढचं वाक्य आपण पूर्ण करत नाही. हे सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतं, बोलतं कोणी नाही. त्याची शिक्षा म्हणून स्वप्न पडत नाही. त्याला लागते झोप आणि रजा. भाऊ आहे असं पत्रात ओझरतं आलंय, चिंचवडला. पुढे त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. मी काही विचारत नाही, पण महिन्यातले दोन रविवार चिंचवडचेही असू शकतात.

एक बारीक गोष्ट. मार्चपासून ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू झाल्याचं तुम्ही पाचव्या पानावर लिहिलंय. बीटा ब्लॉकर नावाच्या गटातल्या काही गोळ्यांनी काही जणांना ठळक, भीतीदायक स्वप्नं पडतात. तुमची गोळी त्यातली आहे का ते डॉक्टरांना विचारा, ही स्वप्नंही सांगा. स्वतःहून मात्र बंद करू नका. चरकाचा दोषज प्रकार इथे थोडा लागू पडेल, कोण जाणे.

आणि आता स्वप्नावरच एक उपाय. ऐकायला पोरकट वाटेल, पण सारख्या येणाऱ्या वाईट स्वप्नांसाठी मानसोपचारात तो वापरतात आणि अनेकांना गुण येतो. दिवसा, उजेडात, ते स्वप्न कागदावर लिहा आणि तुम्हाला हवं तिथून बदला. कसं बदलायचं ते मी सांगणार नाही. पाणी मागे वळवा, आईच उठून तुम्हाला आत घेऊ दे, भिंत नाहीच आहे हे तुमच्या लक्षात येऊ दे, काहीही. मग ते बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून पाहायचं. झोपायच्या आधी नव्हे, दुपारी डबा खाऊन झाल्यावर चालेल. काही आठवडे चिकाटी लागते. मला स्वतःला साठी उलटल्यावरही गणिताचा पेपर यायचा, आणि हॉलमध्ये मी एकटीच. मी त्यात पर्यवेक्षक म्हणून माझ्या आत्याला आणून बसवलं, तिला गणित माझ्याहून कमी येई. पेपर अजून येतो कधीकधी, पण आम्ही दोघी हसतो.

महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, किंवा झोपायचीच भीती वाटायला लागली, तर मात्र समुपदेशकाकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शांतीबद्दल. तुमच्या मनाला बरं वाटणार असेल तर करा, माझी काही हरकत नाही. पण गुरुजींनी सांगितलेला आकडा मी वाचला. तेवढ्या पैशांत मावशी रोज दोन तास लवकर येतील, आणि तेही बरेच महिने. मावशींना आजच विचारून ठेवा, सकाळच्या वेळेला चांगल्या बाया मिळत नाहीत.

त्या आधी ती बाहेरची कडी काढून टाका. सुताराची वाट बघू नका, तो येतो म्हणेल आणि येणार नाही. चार स्क्रू असतात.